सरांचे गुडघे उत्तम

विषय : सांधे झिजण्यावरील नव्या औषधाच्या पुढील प्राणिचाचण्या वगळून माणसांवरील चाचणीस शिफारस मिळणेबाबत.

संदर्भ : डॉ. अभिराम सोनटक्के यांचा अर्ज, सोबतच्या उंदरांच्या निष्कर्षांसह.

उपरोक्त विषयी सविनय सादर की,

“उंदीर केवढे होते?” उपळेकर सरांनी विचारलं.

“तरुण होते, सर. तीन महिन्यांचे.”

“आणि रोगी?”

“साठीच्या पुढचे.”

“म्हणजे म्हाताऱ्यांच्या दुखण्याची चौकशी तू पोरांकडे केलीस.”

डॉ. सोनटक्के मोकळेपणाने हसले. सर असं काहीतरी बोलणार, हे ते घरून धरूनच आले होते.

इथे हजर कोण होतं, ते आधी नोंदवतो.

सर म्हणजे डॉ. मुकुंद उपळेकर. पदवी जनावरांच्या डॉक्टरची, पण उभा जन्म जनावरांच्या सांध्यांचे पातळ काप काचेवर ठेवून बघण्यात गेला. निवृत्तीनंतर ते वाईला, कृष्णेच्या घाटाजवळ दोन खोल्यांत राहत. आमच्या पुण्याच्या संस्थेने त्यांना संशोधन समितीवर बाहेरचे तज्ज्ञ म्हणून ठेवलं होतं. त्यांच्या सहीशिवाय शिफारस पुढे जात नसे, आणि ते स्वतः पुण्याला येत नसत. त्यामुळे फाइल त्यांच्याकडे जाई, आणि फाइलबरोबर मी जाई.

मी चिवटे, समितीचा कारकून. विज्ञानाची प्रगती माझ्या काखेतून पुष्कळ वेळा वाईला जाऊन आलेली आहे.

या खेपेला अर्जदार स्वतः गाडी घेऊन निघाले. हे नियमात बसत नव्हतं. अर्जावर विचार चालू असताना अर्जदाराने खोलीबाहेर जाऊन थांबावं, असा समितीचा नियम आहे, आणि तो सरांनीच घालून दिलेला. पण डॉक्टर पडले सरांचे शिष्य. शिष्याला गुरूच्या दारातून बाहेर काढायचं कलम माझ्या फाइलीत नव्हतं.

डॉ. सोनटक्के आमच्या संस्थेचं भूषण होते. हे चेष्टेने लिहीत नाही. त्यांच्या खोलीत भिंत दिसत नसे इतकी मानपत्रं होती, आणि त्यातलं एकही वशिल्याचं नव्हतं. हातमोजा न घालता उंदीर कसा उचलावा, हे त्यांना सरांनी शिकवलं होतं. पुढचं ते स्वतः शिकले.

सोमवारी समितीची बैठक होती. तोपर्यंत सही झाली, तर त्यांचं औषध माणसांपर्यंत जाणार होतं. नाही झाली, तर म्हाताऱ्या गिनिपिगांवर पुन्हा दोन वर्षं, आणि तोवर मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या संस्थेचा अर्ज पुढे.

डॉक्टरांना मागे उभं राहायची सवय नव्हती.

“सर, माणसाचा गुडघा तीस वर्षं झिजतो,” ते म्हणाले. “तो तीस वर्षं बघत बसलो, तर औषध माझा नातू काढेल. उंदराच्या गुडघ्यात एक सुई दिली की महिन्याभरात तेच होतं. सांध्यातली कूर्चा तशीच विरते, हाड तसंच उघडं पडतं. काप काचेवर ठेवला तर ओळखू येत नाही, कोण आजोबा आणि कोण उंदीर.”

“मला येतं.”

“तुम्हाला येतं,” डॉक्टर म्हणाले. त्यात कौतुकच होतं.

“बरं. पुढे.”

“उंदीर लहान. थोड्या जागेत राहतो, लवकर वाढतो, औषध चिमूटभर पुरतं. मी घोडा आणून बांधला असता, तर तुम्हीच विचारलं असतं, एवढा मोठा कशाला?”

“विचारलं असतं.”

“मग?”

“लहान आहे म्हणून माझी तक्रार नाही, अभिराम. त्याच्या जिवावर माझी पेन्शन चालू आहे.” सरांनी चष्मा पुसला. “तू त्याला विचारलंस काय, ते सांग.”

“चालून दाखव म्हटलं.”

“आणि?”

“त्याने चालून दाखवलं.”

डॉक्टरांनी टॅब उघडून सरांच्या मांडीवर ठेवला.

चित्रफीत होती. एक लांबट काचेचा पट्टा, खालून उजेड. उंदीर त्यावरून या टोकाकडून त्या टोकाला जातो. पाऊल जितकं भक्कम टेकेल तितका ठसा उजळ उमटतो. पहिला उंदीर नुसतं पाणी दिलेला होता. त्याचा एक मागचा ठसा इतका फिका, की पाय जेमतेम टेकलाय हे माझ्यासारख्यालाही कळलं. दुसरा औषध दिलेला. त्याचे चारी ठसे देवासमोरच्या पणत्यांसारखे.

“माझे उंदीर लंगडत नाहीत, सर.”

लेकाचा पहिला नंबर सांगावा तसं ते म्हणाले. माझाही ऊर भरून आला. अर्ज शेवटी माझ्याच हातून दाखल झाला होता.

सरांनी चित्रफीत पुन्हा लावली. मग पुन्हा.

“हे कोपऱ्यात पांढरं काय आहे?”

“काचेत माझा कोट दिसतोय. मी शेजारीच उभा असतो.”

“दर वेळी?”

“औषधाच्या उंदरांच्या दर वेळी. ते मी दुसऱ्या कोणावर सोडेन का?”

“आणि पाण्याचे?”

“तिथे मृदुला असते. माझी विद्यार्थिनी. पाणी प्यायलेल्या उंदरांत बघण्यासारखं काय असतं, सर?”

“खायला कोण घालतं?”

“तीच. दोन्हीकडच्यांना. तिच्या तळहातावर चढून बसतात, बाहीत शिरतात. अगदी लाडावलेत.” डॉक्टर किंचित ताठ बसले. “मी आत पाऊल टाकलं की मात्र चिडीचूप. माझ्या प्रयोगशाळेत उंदरांनासुद्धा शिस्त आहे.”

“अरे वा.”

“आणि तुम्ही विचारायच्या आधीच सांगतो. ठसे यंत्र मोजतं. त्यात माझा हात नाही.”

“हात नाही,” सर म्हणाले.

बाहेर कोणीतरी सायकल लावली, घंटी वाजवली, गेलं.

“चिवटे, पेन द्या.”

मी पेन दिलं, फाइल उघडून योग्य त्या जागी बोट ठेवलं. सरांनी टोपण काढलं. सरांनी टोपण परत लावलं.

“माझी नदीवर जायची वेळ झाली. चला दोघं. सहीचं वर आल्यावर बघू.”

घाटाच्या पायऱ्या दगडी, जुन्या, एकसारख्या उंचीची एक नाही. सर पुढे, डॉक्टर त्यांच्या बरोबरीने, मी फाइल घेऊन मागे. सर ताठ उतरत होते. हात पाठीमागे बांधलेले, नजर पाण्यावर. परेड बघायला निघालेले एखादे जुने सुभेदार असावेत तसे. कठड्याला त्यांचं बोटसुद्धा लागलं नाही. धापा मला लागल्या होत्या.

“क्या बात है,” डॉक्टर म्हणाले. “सर, माझे रोगी असे उतरायला लागले की मी जिंकलो. खरं म्हणजे गोळ्यांची पहिली पट्टी तुमच्यासाठी आणायचं मनात होतं. गुरुदक्षिणा म्हणून.”

“मग आणली नाहीस ती?”

“एक तर चिवटे काका नियम दाखवतील.”

“दाखवले असते,” मी म्हणालो.

“आणि तुम्हाला गरज कुठाय?”

सर थांबले. दोन्ही पाय एका पायरीवर, वजन दोन्हींवर सारखं.

“माझे गुडघे कसे वाटतात तुला?”

“उत्तम.”

“शिष्य म्हणून नको सांगू. तज्ज्ञ म्हणून सांग.”

“तज्ज्ञ म्हणूनच सांगतो. पाऊल सारखं पडतंय. तोल कुठे जात नाही. मी एवढ्या पायऱ्या शेजारून बघत आलोय, सर. तुमच्या वयाला असे गुडघे मी पाहिले नाहीत.”

“बोललास ते लिहून घेऊ दे?”

“खुशाल.”

“चिवटे, टिपून घ्या.”

मी फाइल गुडघ्यावर टेकवून टीप लिहिली. सरांचे गुडघे उत्तम. प्रत्यक्ष पाहणी, डॉ. सोनटक्के. मूळ विषयाशी तिचा काय संबंध, ते मला कळलं नाही. पण साहेबांनी सांगितलेली टीप कारकुनाने कळल्यावरच लिहायची असं ठरलं असतं, तर सरकारी कचेऱ्यांत एक कागद तयार झाला नसता.

खाली पोचलो. सरांनी पाण्यात हात धुतले, तोंडावरून फिरवले. एक बाई शेवटच्या पायरीवर चादर आपटत होती. थेंब सरांच्या अंगावर आले.

“उडालं का हो, आबा?” ती म्हणाली.

“उडू दे. आंघोळ वाचली.”

इतक्यात डॉक्टरांचा फोन वाजला. पुण्याहून आमचे संचालक. डॉक्टर हॅलो हॅलो करत इकडेतिकडे फिरले, पण घाटाच्या तळाशी आवाज तुटत होता.

“सही झाली का, विचारतायत. वर जाऊन बोलतो, सर. आलोच.”

ते दोन-दोन पायऱ्या घेत वर गेले आणि देवळाच्या मागे दिसेनासे झाले. त्यांचे गुडघे खरोखरच उत्तम होते.

सर पाण्याकडे बघत उभे होते.

“गेला?”

“गेले.”

“नीट बघा.”

“गेले, सर. देवळाच्या पलीकडे आहेत.”

सरांनी हळूच श्वास सोडला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. सलगीचा असेल असं मला वाटलं, तोवर त्यांनी भार टाकला.

फाइल माझ्या हातातून पडता पडता राहिली.

आम्ही चढू लागलो. म्हणजे सर चढत होते आणि मी कठड्यासारखा सरकत होतो. आधी डावा पाय. मग उजवा त्याच पायरीवर ओढून आणायचा. मग थांबायचं. मग पुन्हा डावा. उजवा गुडघा वाकतच नव्हता, त्याला वळसा घालून पाय बाजूने फिरवावा लागत होता. दर वेळी सरांची बोटं माझ्या खांद्यात रुतत. चादर आपटणारी बाई एकदा बघून पुन्हा कामाला लागली. तिला हे रोजचं होतं.

“चढताना बरा असतो,” सर म्हणाले. “उतरताना फार बोलतो.”

मला मघाचं उतरणं आठवलं. ती पाठीमागे बांधलेली बोटं आठवली. मी मागेच होतो. ती एकमेकांत किती घट्ट अडकवलेली होती, ते मला दिसत होतं. मी त्याला रुबाब समजलो होतो.

“डॉक्टरांना सांगायचंत की.”

“तो माझा शिष्य आहे, चिवटे.”

“म्हणूनच म्हणतो.”

“म्हणूनच नाही.”

आणखी थोडं वर आलो. सर पुन्हा थांबले, कपाळ पुसलं, आणि तसेच थांबून राहिले.

मी वर पाहिलं. डॉक्टर देवळाच्या खांबाशी उभे होते. फोन हातात होता, पण कानाला नव्हता. कधीपासून उभे होते, देव जाणे. त्यांचा चेहरा शाळेतल्या मुलाने मास्तरांना देवळात रडताना पाहावं तसा झाला होता.

माझ्या खांद्यावरचा भार गेला.

सरांनी हात पाठीमागे बांधले आणि उरलेल्या पायऱ्या ते चढून गेले. एक पाय, दुसरा पाय, वरची पायरी. एक पाय, दुसरा पाय, वरची पायरी. ठसे उमटत असते, तर दोन्ही सारखे उजळ उमटले असते. मी घाईने बाजूला येऊन त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर काहीही नव्हतं. एवढं काहीही नसलेला चेहरा मी पुन्हा पाहिला नाही.

हे सगळं सरांनी मुद्दाम घडवलं का, ते मला आजही सांगता येणार नाही. मुद्दाम असेल, तरी गुडघा खरा होता. तो मी खांद्यावर तोलला आहे.

“काय म्हणाले संचालक?” सरांनी विचारलं.

“सर... कधीपासून?”

“काय कधीपासून?”

“गुडघा.”

“कुठला गुडघा? उत्तम आहेत. तू प्रत्यक्ष पाहिलेस. चिवट्यांकडे नोंद आहे.”

डॉक्टर माझ्याकडे वळले.

“काका, ती टीप खोडा.”

“नोंद खोडता येत नाही, डॉक्टर. खाली दुरुस्ती लिहितात. काय दुरुस्ती लिहू?”

डॉक्टर पुन्हा सरांकडे वळले.

“मी आयुष्यभर गुडघेच बघतोय, सर,” ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. “मला सांगता आलं असतं तुम्हाला. मला. माझ्यासमोर कशाला हे...”

“तुझ्यासमोरच.”

“का पण?”

“तुझ्यासमोर लंगडावंसं वाटेना.”

“आणि त्या धुणाऱ्या बाईंसमोर? त्या तर रोज बघत असतील.”

“ती मला आबा म्हणते.”

देवळात कोणीतरी घंटा वाजवली. डॉक्टरांनी मान फिरवली, आणि तशीच राहू दिली. मला वाटलं, ते रागावून निघून जाणार. तसा त्यांचा लौकिक होता. त्याऐवजी त्यांनी काखेतला टॅब काढला आणि देवळाच्या ओट्यावर बसून चित्रफीत लावली. पट्टा, उजेड, चार पणत्या. त्यांनी ती जागच्या जागी थांबवली आणि बोटांनी कोपरा मोठा केला. पांढरा कोट पडदाभर झाला. उंदीर बाहेर गेला.

“मृदुलासमोर लंगडायचे...” ते स्वतःशीच म्हणाले. “मला वाटलं, पाण्याचे आहेत म्हणून.”

सर कठड्याला टेकून उभे होते. आता टेकले होते. मी ते पाहिलं, डॉक्टरांनीही पाहिलं.

“औषध खोटं नाही, सर.”

“मी कुठे म्हटलं?”

“पाच वर्षं घातलीत मी त्यात.”

“ठाऊक आहे. खरंही असेल. चांगलंही असेल. तू केलंयस म्हणजे असेलच, असं मी बाहेर चारचौघांत सांगतो.” सर पुन्हा पाण्याकडे बघू लागले. “माझा हा एक शिष्य झाला, की त्याच्यासमोर उंदरालासुद्धा ताठ चालावंसं वाटतं. भीतीने म्हण, नाहीतर कशाने म्हण.”

डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते अपमानाने की अभिमानाने, ते मी ठरवू शकलो नाही. त्यांनी पुसलंही नाही. मानपत्रं घेताना उभे राहत तसेच ते उभे राहिले.

“संचालकांना काय सांगू?”

“काय सांगावंसं वाटतं?”

“सही झाली, असं सांगावंसं वाटतं.”

“मलाही करावीशी वाटते.”

दोघंही थोडे हसले. मग सरांनी माझ्याकडे हात केला. मी फाइल उघडली. वर अर्ज होता, त्याखाली उंदरांचे निष्कर्ष, आणि त्याखाली माझी घाटावरची टीप. दुरुस्तीची जागा मी कोरी सोडली होती. सरांनी तिन्ही कागद पाहिले. सहीच्या जागेपाशी पेनाचं टोक नेलं, आणि पेन माझ्या हातात परत दिलं.

“शेरा तुम्ही लिहा, चिवटे.”

“काय लिहू, सर?”

डॉक्टर उभे होते. सर त्यांच्याकडे बघत होते. कठडा सोडून सरांनी हात पुन्हा पाठीमागे बांधले आणि ते सरळ झाले.

“लिहा, अर्ज प्रलंबित. अर्जदार खोलीबाहेर गेल्यावर विचार होईल.”